वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्याच्या तोंडावर भाजीची बाग

हिवाळ्यात बागेकडे थोडे दुर्लक्ष झाले तरी चालून जाते. उन्हाळा लागताच ती सवलत संपते. किडींचा जीवनक्रम तापमानावर चालत असल्यामुळे थंडीत तीन-चार आठवडे घेणारी पिढी आता दहा-बारा दिवसांत पूर्ण होते, आणि नेमके याच वेळी झाड पाण्याच्या ओढीने अशक्त झालेले असते. या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट ‘कोणते औषध फवारावे?’ या वाक्याने झाला आहे. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. औषधाचे नाव ज्यांना पहिल्या ओळीत हवे असेल, त्यांची काहीशी निराशा होईल. कारण अर्ध्याहून अधिक पत्रांत कीड कोणती हे ठरण्यापूर्वीच एक-दोन फवारण्या उरकलेल्या दिसतात.

प्रश्न : मिरचीची रोपे गुडघ्याएवढी झाली असून शेंड्याकडची पाने आकसून वेडीवाकडी झाली आहेत. बोकड्या आहे असे सगळे सांगतात. रोपे उपटून टाकावीत की काही उपाय आहे?

उत्तर : बोकड्या किंवा चुरडा-मुरडा हे लक्षणाचे नाव आहे, कारणाचे नाही. मिरचीचे पान निदान तीन वेगवेगळ्या कारणांनी आकसते आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून उपटण्यापूर्वी दहा पट मोठे दाखवणारे एक साधे भिंग हातात घ्यावे आणि पान उलटे करून पाहावे.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून त्याला होडीसारखा आकार आला असेल आणि पानावर चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसत असतील, तर संशय फुलकिड्यांवर घ्यावा. हे किडे एक-दोन मिलिमीटर लांबीचे, काडीसारखे बारीक असतात आणि शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच आपटला की कागदावर पळताना दिसतात. याउलट पानाच्या कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद, जाड व ठिसूळ झाले असेल आणि देठ मात्र नेहमीपेक्षा लांबलेला दिसत असेल, तर ते पिवळ्या कोळ्याचे (पानाचा रस शोषणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचे) काम असते. हा कोळी भिंगातूनही कष्टानेच दिसतो, त्यामुळे येथे लक्षणावरच भिस्त ठेवावी लागते. तिसरे कारण विषाणू. त्यात पाने लहान व फिकट होतात, शिरा जाड दिसतात, पेरांमधील अंतर घटून झाड झुडपासारखे खुजे राहते आणि नवीन फुटवाही तसाच निघतो. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट झाडाचा रस शोषलेली माशी पुढे बहुधा आयुष्यभर तो वाहून नेते.

फुलकिडे असतील तर शेंड्यांवर आणि पानांच्या खालच्या बाजूस मऊ साबणाचे पाणी (लीटरभर पाण्यात ५ ते १० मिलि) पाच-सहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा फवारावे आणि वाफ्यावर आच्छादन करावे, कारण अनेक जातींचे फुलकिडे कोषावस्थेसाठी मातीत उतरतात. कोळी असेल तर पाण्यात विरघळणारे गंधक उपयोगी पडते. मात्र तापमान ३२ अंशांच्या वर असताना ते फवारू नये आणि तेलाच्या फवारणीनंतर निदान दोन आठवडे थांबावे, नाहीतर पाने भाजतात. दोन्ही बाबतींत आधी आकसलेली पाने पुन्हा सरळ होत नाहीत. नवी पाने निरोगी येत आहेत की नाही, यावरच उपायाचे यश ठरवावे.

विषाणूवर औषध नाही. कितीही महागडी फवारणी केली तरी बाधित झाड बरे होत नाही, आणि ते उभे ठेवणे म्हणजे शेजारच्या झाडांसाठी संसर्गाचा साठा बाळगणे होय. असे झाड आधी पिशवीने झाकून, मग मुळासकट उपटून बागेबाहेर काढावे; न झाकता उपटले तर त्यावरच्या माश्या उडून पुढच्या झाडावर बसतात. पुढील हंगामात रोपे पहिल्या दिवसापासून बारीक छिद्रांच्या जाळीखाली वाढवावीत. पांढऱ्या माशीसाठी ४० ते ५० मेशची (इंचाला तितकी छिद्रे असलेली) जाळी लागते, मच्छरदाणीची साधी जाळी पुरत नाही.

जाता जाता टोमॅटोविषयी एक खुलासा. त्याची खालची, जुनी पाने उन्हाळ्यात वरच्या बाजूस गुंडाळली जाऊन कातड्यासारखी जाड होतात, पण हिरवीच राहतात. ही झाडाची उष्णतेला दिलेली प्रतिक्रिया असते, तिच्यावर कसलाही उपचार करू नये.

प्रश्न : वांगी आणि काकडीच्या पानांवर बारीक पांढरे ठिपके पडून पाने पितळी रंगाची झाली. कीटकनाशकाच्या दोन फवारण्या केल्या, त्यानंतर प्रकार वाढला आणि आता पानांखाली जाळी दिसू लागली आहेत. औषध बनावट होते का?

उत्तर : औषध बहुधा अस्सल असावे, आणि अडचण तिथेच आहे. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे लाल कोळ्याची आहेत. कोळी हा कीटक नव्हे. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ पाय असतात आणि कीटकांसाठी बनवलेली पुष्कळ औषधे त्याला बाधतच नाहीत. ती बाधतात कोळ्याला खाणाऱ्या जीवांना, म्हणजे भक्षक कोळी, लहान काळे ढालकिडे (लेडीबर्ड), फुलकिड्यांच्या काही भक्षक जाती यांना. पहिल्या फवारणीने राखणदार संपले आणि दुसरीने उरलेसुरले.

त्यात ऋतूची साथ मिळाली. ३० अंश सेल्सियसच्या आसपास या कोळ्याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते, आणि एक मादी तिच्या काही आठवड्यांच्या आयुष्यात शंभरच्या आसपास अंडी घालते. कोरडी हवा आणि पानांवरची धूळ त्याला विशेष मानवते. रस्त्यालगतच्या किंवा भिंतीच्या आडोशाच्या झाडांवर तो आधी दिसतो, त्याचे हेच कारण.

आता कीटकनाशक पूर्णपणे थांबवावे. सर्वांत खराब झालेली पाने काढून बंद पिशवीत टाकावीत आणि उरलेल्या पानांची खालची बाजू सकाळी नळीच्या जोरदार पाण्याने धुवावी. पाने संध्याकाळपर्यंत कोरडी होतील अशी वेळ निवडावी. एक दिवसाआड असे तीन-चार वेळा केले तर निम्म्याहून अधिक काम पाण्यानेच होते. त्यानंतर साबणाचे पाणी फवारायचे असेल तर ते पानाच्या खालच्या बाजूला ओघळेपर्यंत लागले पाहिजे, कारण साबण अंगाला लागेल त्याच कोळ्याला मारतो, सुकल्यावर त्याचा काही परिणाम उरत नाही. अंडी वाचतात, म्हणून पाच दिवसांनी पुन्हा फवारावे. वर मिरचीसाठी सांगितलेले गंधक काकडीवर मात्र टाळावे. काकडीवर्गीय वेलींच्या काही जातींची पाने त्याने करपतात.

फवारणीनंतर कीड उलट वाढणे हा अनुभव नवा नाही. १९५९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील व्हर्नन स्टर्न आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एकात्मिक नियंत्रणाची कल्पना मांडली, ती याच पार्श्वभूमीवर. किडीचे नुकसान उपायाच्या खर्चाहून जास्त होणार असेल तेव्हाच रसायन वापरावे, आणि तेही मित्रकीटक टिकतील अशा बेताने, असे त्यांचे म्हणणे होते. घरच्या बागेत खर्चाचा हिशेब कोणी मांडत नाही, पण उत्तरार्ध तेथेही तितकाच लागू आहे.

प्रश्न : वालाच्या शेंड्यांवर काळा मावा झाला आहे. त्यात मुंग्या फिरतात आणि काळ्या रंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या खरखरीत अळ्याही दिसतात. माव्यासाठी साबण फवारतो आहे. या अळ्यांसाठी वेगळे औषध लागेल का?

उत्तर : त्या अळ्यांना कृपया हात लावू नये. वर्णनावरून त्या ढालकिड्याच्या अळ्या आहेत आणि माव्यावरच जगतात. पूर्ण वाढ होईपर्यंत एक अळी शेकडो मावा फस्त करते. दुर्दैवाने त्यांचे रूप इतके उग्र असते की प्रौढ ढालकिड्याला ओळखणारे लोकही त्यांना शत्रू समजून चिरडतात. ढालकिड्याच्या पराक्रमाचे जुने उदाहरण लिंबूवर्गीय बागांचे आहे. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून ढालकिड्याची एक जात कॅलिफोर्नियात नेऊन सोडण्यात आली, आणि त्या बागा उद्ध्वस्त करू पाहणारी कापसासारखी खवलेकीड पुढच्या दीड-दोन वर्षांत आटोक्यात आली.

एक सावधगिरी मात्र हवी. ढालकिड्यांच्याच कुळातील हड्डा भुंगेरा पाने खातो. त्याची अळी पिवळी असून तिच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात. प्रौढ भुंगेरा विटकरी, बारीक लव असलेला आणि निस्तेज दिसतो, तर माव्यावर जगणाऱ्या बहुतेक ढालकिड्यांची पाठ चकचकीत असते. सर्वांत सोपी खूण पानावर मिळते : हड्ड्याने खाल्लेले पान शिरांची जाळी उरेपर्यंत खरवडलेले असते आणि त्याच्या आसपास मावा असेलच असे नाही. वांग्यावर आणि वेलवर्गीय भाज्यांवर असे पान दिसले तर मागे अंड्यांचे पिवळे पुंजके शोधून ते चिरडावेत. पण चकचकीत ढालकिड्याची अंडीही पिवळी आणि पुंजक्यातच असतात, तेव्हा आधी पानाची अवस्था पाहावी, मग बोटे चालवावीत.

मावा इतक्या झपाट्याने का वाढतो, हे समजले की फवारणीवरचा विश्वास आपोआप मर्यादित होतो. उबदार हवेत माव्याच्या माद्या नराविना थेट पिल्लांना जन्म देतात, आणि ती पिल्ले आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः प्रजननक्षम होतात. दाटी झाली की पंख असलेली पिढी निघते आणि दुसऱ्या झाडावर जाते. म्हणून माव्याशी लढताना शंभर टक्के नायनाटाचा हट्ट सोडावा. शेंडा दोन बोटांत धरून मावा पुसून काढणे किंवा गच्च भरलेला शेंडा खुडून टाकणे, हे साबणाइतकेच परिणामकारक आहे आणि त्यात मित्रकीटक मरत नाहीत. फवारायचेच असेल तर ज्या शेंड्यांवर अळ्या नाहीत तेवढेच निवडून फवारावेत. फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कोरडा मावा दिसला तर तोही काढू नये. त्याच्या पोटात चिमुकल्या परजीवी गांधीलमाशीची पुढची पिढी वाढत असते.

मुंग्या माव्याच्या गोड, चिकट स्रावासाठी येतात आणि मोबदल्यात भक्षकांना हुसकावतात. त्यांना मारण्याची गरज नाही, वर चढू दिले नाही तरी पुरे. वेलीला आधार दिलेल्या काठीवर चिकट पट्टी गुंडाळावी आणि जमिनीला टेकलेली पाने छाटावीत. शेवटचा प्रश्न मी तुम्हाला विचारतो : अलीकडे युरिया किंवा भरपूर ताजे शेणखत दिले आहे का? नत्र जास्त झाले की कोवळी, रसाळ फूट वाढते, आणि माव्याला तीच आवडते.

प्रश्न : काकडी, दोडका, कारले यांना फळे धरतात, पण बोटाएवढी होऊन पिवळी पडतात आणि गळतात. ही फळमाशीच का?

उत्तर : काही फळे तशी असतील, सगळी नसावीत. गळलेली पाच-सहा फळे उभी चिरून पाहावीत. आत पांढुरक्या अळ्या, कुजकट गर किंवा सालीवर सुई टोचल्यासारखी खूण आणि तिच्यातून आलेला डिंकासारखा थेंब असेल, तर फळमाशी. आत काहीच नसेल आणि फळ टोकाकडून पिवळे पडत सुकले असेल, तर परागीभवनच झालेले नाही.

दुसरा प्रकार उन्हाळ्याच्या सुरुवातीला फार आढळतो. उष्णता आणि लांबलेला दिवस यांमुळे या वेलींवर नरफुले अधिक येतात, आणि पहिली काही फुले तर बहुधा नरच असतात. मादीफुलाच्या मागे चिमुकले फळ असते. ते जणू आधीच ‘धरलेले’ दिसते, म्हणून गळाले की किडीवर आळ येतो. मधमाश्या कमी असतील तर नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि परागकोष मादीफुलाच्या मधोमध हळुवार फिरवावा. काकडी, कारले आणि भोपळा यांसाठी हे काम सकाळी लवकर करावे. दोडका आणि दुधी यांची फुले मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांना सकाळी हात लावून उपयोग होत नाही. वेलींवर जाळी टाकली असेल तर फुले येताच ती काढावी. तुमच्या पत्रात जाळीचा ओझरता उल्लेख आहे, आणि मला वाटते अर्धे उत्तर तेथेच आहे.

फळमाशीसाठी फवारणी सहसा वाया जाते. अंडी सालीच्या आत आणि कोष मातीत, म्हणजे औषध दोन्हीकडे पोहोचत नाही. फूल सुकून गळताच कोवळ्या फळाला कागदी किंवा पातळ कापडाची पिशवी बांधावी. माशी अंडी घालण्यापूर्वीच अडते. गळालेली व डंखलेली फळे रोजच्या रोज उचलून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावीत आणि आठवडाभर कडक उन्हात ठेवावीत. ती खतखड्ड्यात टाकली तर पुढची पिढी आपणच पोसतो. क्यूल्यूर या गंधद्रव्याचे सापळे केवळ नर पकडतात. माश्यांचा अंदाज येण्यासाठी ते चांगले आहेत, पण एकट्या सापळ्यावर विसंबून फळे वाचत नाहीत.

काकडी किंवा दुधी कमालीचा कडू लागला तर तो खाऊ नये, थुंकून टाकावा. पाण्याचा ताण आणि उष्णता यांमुळे या कुळातील फळांत कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये वाढू शकतात, आणि ती शिजवल्यानेही नाहीशी होत नाहीत.

प्रश्न : टोमॅटोचा खालचा भाग काळा पडून खोलगट होतो आहे. बुरशीनाशक फवारूनही फरक नाही. शिवाय फुलेही गळतात.

उत्तर : बुरशीनाशकाचा फरक पडणार नाही, कारण ही बुरशी नव्हे. फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडल्याने तेथील पेशी मरतात. जमिनीत कॅल्शियम बहुधा पुरेसे असते, पण ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचते, आणि एक दिवस कोरडे, दुसऱ्या दिवशी तुडुंब अशा पाण्याने ही वाहतूक विस्कळीत होते. पाने वेगाने पाणी ओढतात, फळ मागे राहते. म्हणून पानांवर कॅल्शियम फवारूनही फारसे साधत नाही, ते पानातून फळाकडे सरकत नाही. अंड्यांची टरफले मातीत मिसळण्याचा उपाय पुष्कळांनी लिहिला आहे. तो वाईट नाही, पण टरफले विरघळण्यास इतका काळ लागतो की या हंगामातील फळांना त्याचा लाभ होणार नाही.

पाणी नियमित आणि खोलवर द्यावे, बोट मातीत दोन पेरे खुपसून ओल तपासावी, खोडापासून चार बोटे जागा सोडून ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे वाळल्या पानांचे किंवा गवताचे आच्छादन करावे आणि नत्रयुक्त खत थांबवावे. काळी पडलेली फळे तोडून टाकावीत. कुंडीतील झाडांना हा त्रास अधिक होतो, कारण कुंडी एका दुपारीतही कोरडी पडू शकते. फुलगळीचे कारण निराळे आहे : दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले किंवा रात्रीचे २४ अंशांच्या खाली येईना की पराग निकामी होतात. दुपारी ३० ते ५० टक्के सावली देणारी जाळी लावल्यास थोडाफार फरक पडतो. बाकी हवा उतरेपर्यंत वाट पाहणे आले.

प्रश्न : कडुनिंबाचे तेल नैसर्गिक असूनही फवारल्यावर पाने भाजली, आणि किडी दुसऱ्या दिवशी तशाच जिवंत होत्या. मग त्याचा उपयोग काय?

उत्तर : दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. कडुनिंबातील मुख्य घटक अझाडिरॅक्टिन. तो १९६८ मध्ये इंग्लंडमधील कील विद्यापीठातील संशोधकांनी प्रथम वेगळा केला. तो किडीला जागच्या जागी लोळवत नाही. तिची भूक मारतो आणि कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतो, त्यामुळे लहान अवस्थेतील किडींवर त्याचा परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात, आणि पूर्ण वाढलेल्या भुंगेऱ्यांवर तो फारसा दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी निकाल पाहून ‘काही झाले नाही’ असे म्हणत लगेच जास्त तीव्रतेची फवारणी केली जाते, आणि पाने भाजतात ती बहुतेक या दुसऱ्या फवारणीने.

लीटरभर पाण्यात ३ ते ५ मिलि तेल पुरते. तेल आधी थोड्या मऊ साबणात घोटून दुधी करावे आणि मगच पाण्यात मिसळावे. न मिसळलेले तेल थेंबांच्या रूपाने पानावर बसते आणि तेवढीच जागा जळते. कपडे धुण्याची पावडर साबणाऐवजी वापरू नये. निंबोळ्या मिळत असतील तर ५० ग्रॅम कुटलेला गर लीटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून पाच टक्के अर्क करता येतो, आणि मला तो तेलापेक्षा पानांना सौम्य वाटतो. दोन्ही मिश्रणे त्याच दिवशी संपवावीत. फवारणी सूर्य कलल्यावर करावी, कारण उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होते. शिवाय तोवर मधमाश्याही परतलेल्या असतात. झाड पाण्याअभावी मान टाकून उभे असेल तर आधी पाणी, फवारणी दुसऱ्या दिवशी. आणि नवे मिश्रण प्रथम दोन-तीन पानांवर लावून दोन दिवस पाहावे, ते नैसर्गिक असले तरीही.

प्रश्न : पिवळे चिकट सापळे किती लावावेत? त्यांनी पांढरी माशी संपते का?

उत्तर : संपत नाही. लहान बागेत दोन-तीन पुरेत, झाडाच्या शेंड्याच्या किंचित वर. त्यांचे काम किडीची वर्दी देणे हे आहे. आठवड्यातून एकदा मोजून पाहावे आणि संख्या अचानक वाढली तर पाने तपासावीत. फुलकिड्यांच्या अनेक जातींसाठी निळा रंग अधिक चांगला. सापळ्यावर मित्रकीटकच जास्त चिकटू लागले तर तो सरळ काढून टाकावा.

प्रश्न : भेंडी आणि टोमॅटोची झाडे खुरटली, उपटून पाहिली तर मुळांवर गाठी होत्या. वालाच्या मुळांवरही गाठी आहेत. सगळीकडे झेंडू लावला आहे, तरी असे का?

उत्तर : वालाच्या गाठी बहुधा उपकारक आहेत. कडधान्यवर्गीय झाडांच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात आणि कापल्यास आतून गुलाबी दिसतात. टोमॅटो आणि भेंडीच्या गाठी मात्र सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतून मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या असाव्यात. तेथे मूळच सुजलेले असते, गाठ सुटी करता येत नाही.

झेंडूविषयीचा समज अर्धवट खरा आहे. त्याच्या काही जातींच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना रोखतात, पण त्यासाठी पूर्ण वाफ्यात दाट झेंडू निदान दोन महिने वाढवावा लागतो. टोमॅटोशेजारी एक-एक झाड लावून फुले मिळतात, संरक्षण नाही. सूत्रकृमींना प्रतिकारक म्हणून विकले जाणारे टोमॅटोचे वाण लावावेत, पण मातीचे तापमान २८ अंशांच्या पुढे गेले की त्यांचा प्रतिकार ढासळतो, हे उन्हाळी लागवडीत विसरू नये.

मोकळा झालेला वाफा असाच पडू न देता उन्हाने तापवावा. इस्राएलमधील याकोव्ह काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही घरच्या बागेला सर्वांत सोयीची आहे. जुनी मुळे वेचून माती भुसभुशीत व सपाट करावी, भरपूर पाणी द्यावे आणि पारदर्शक प्लॅस्टिक मातीला चिकटेल असे ताणून कडा मातीत गाडाव्यात. काळे प्लॅस्टिक वापरू नये, ते स्वतः तापते, माती त्या मानाने कमी तापते. चार ते सहा आठवडे कडक ऊन मिळाले पाहिजे, म्हणून सावलीतल्या वाफ्यावर हे करण्यात अर्थ नाही. नंतर वाफा खोल खणू नये. वरचे १५-२० सेंटिमीटर शुद्ध झालेले असतात, खालचे सूत्रकृमी जिवंत असतात आणि खणल्याने तेच वर येतात. याचा लाभ साधारण एका हंगामापुरता धरावा.

प्रश्न : पुनर्लागवड केलेली रोपे सकाळी जमिनीलगत कापलेली आढळतात, कीड मात्र दिसत नाही.

उत्तर : ती रात्री काम करते आणि दिवसा शेजारीच मातीत दडते. कापलेल्या रोपाभोवतीची माती सकाळीच दोन-तीन सेंटिमीटर उकरल्यास अंगाचे वेटोळे करून पडलेली मातकट अळी सापडेल. नव्या रोपांच्या खोडाभोवती जाड कागदाची नळी करून ती दोन-तीन सेंटिमीटर मातीत व पाच-सात सेंटिमीटर वर राहील अशी बसवावी. खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की नळी काढून टाकता येईल.